फ्रीजपुढचा पाट

देवगडजवळच्या आमच्या घरात, स्वयंपाकघरातल्या फ्रीजपुढे फणसाचा एक पाट कायम मांडलेला असे. नव्या माणसाला वाटे, कुणीतरी जेवायला बसणार आहे. तसं काही नव्हतं. फ्रीज उघडायचा तर आधी पाटावर चढायचं, हा घरचा दंडक होता. अनवाणी पायांनी जमिनीवर उभं राहून दांडा धरला की बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या येत. पावसाळ्यात मुंग्यांच्या जागी चांगला झटका बसे. सासूबाई मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "फ्रीज चावता, पाटार उभी रव."

मी डोंबिवलीच्या एका शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. ओहमचा नियम फळ्यावर लिहून लिहून खडू झिजवले. आणि मे महिन्याच्या सुट्टीत गावी आले की मीच निमूटपणे पाटावर चढून पन्ह्याची बाटली काढत असे. शाळेतलं विज्ञान डोंबिवलीत ठेवून यावं तशी. निवृत्तीनंतर आम्ही दोघं कायमचे गावी आलो, तरी पाट जागेवरच. चार वर्षांपूर्वी मुलगा-सून नातवाला घेऊन आले. तो नुकता रांगायला लागला होता आणि घरातल्या सगळ्या वस्तू सोडून त्याला ओढ होती ती फ्रीजची. रांगणाऱ्या मुलाला 'पाटावर चढ' असं सांगता येत नाही. त्या संध्याकाळी मी वायरमनला फोन केला.

तिसऱ्या भोकामागे काय?

वायरमन गावातलाच, लायसन्सवाला, मला काकी म्हणणारा. त्याने मेन स्विच पाडला, फ्रीजमागचा प्लग काढला, सॉकेटच्या पट्टीचे दोन स्क्रू सोडवले आणि बॅटरी माझ्या हातात देऊन म्हणाला, "काकी, बघा. ह्या वरच्या भोकाच्या मागे काय एक नाय."

खरंच नव्हतं. लाल वायर होती, काळी होती. वरच्या मोठ्या भोकामागचा पितळी स्क्रू कारखान्यातून आला तसाच चकचकीत होता. त्याला कधी वायर लागलीच नव्हती.

आमच्या घरात वीज आली १९७४ साली. तेव्हाचं काम मला अजून दिसतं, कारण माजघरात ते तसंच शिल्लक आहे. सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली काळी रबरी वायर, गोल लाकडी ब्लॉक, त्यावर बेकलाइटचे काळे खटके आणि मीटरखाली चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. घरात चार दिवे आणि एक रेडिओ. दिव्याला धातूचं अंग नसतं, रेडिओची पेटी लाकडी. त्यांना दोन वायरी पुरत होत्या. पुढे इस्त्री आली, फ्रीज आला, पाण्याचा पंप, गीझर, वॉशिंग मशीन आलं. सगळ्यांचं अंग पत्र्याचं. वायरिंग मात्र चार दिव्यांचंच राहिलं. २००८ साली घराला रंग काढला तेव्हा रंगाला शोभतील म्हणून माजघराखेरीज इतरत्र काळे खटके काढून पांढरी बटणं आणि तीन भोकांचे प्लग बसवून घेतले. भिंतीवर तीन भोकं आली, भिंतीत वायरी दोनच राहिल्या.

जुन्या घरात राहणाऱ्या किती जणांची अशी समजूत असेल की थ्री पिन सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे! मी विज्ञानाची शिक्षिका असून माझीही तीच होती.

आपल्या या तीन पिनच्या प्लगची रचना मुळात ब्रिटिश. तिचं ब्रिटिश मानक १९३४ सालचं. ब्रिटनने १९४७ साली चौकोनी पिनांच्या वेगळ्या प्लगचं मानक आणलं आणि पुढे घराघरांत तोच रूढ झाला. गोल पिनांचा वारसा आपण जपला. आपल्याकडे तो आयएस १२९३ या भारतीय मानकात बसतो. त्यातली वरची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते, ती उगीच नाही. लांब अशासाठी, की प्लग खुपसताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि उपसताना सगळ्यात शेवटी सुटावा. जाड अशासाठी, की ती चुकूनही फेजच्या भोकात शिरू नये. सॉकेटसमोर उभं राहिलं की वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. एवढा विचार करून घडवलेल्या पिनेचं आपण काय करतो? बसत नाही म्हणून ती कापून टाकतो. टू पिनचा प्लग घालायचा तर वरच्या भोकात पेचकस खुपसून आतली झडप उघडतो. प्लगच तुटला असेल तर वायरीची टोकं सोलून भोकांत घालतो आणि काडेपेटीच्या काड्यांनी ठोकून बसवतो.

विजेचा परतीचा रस्ता

मुळात मुंग्या का येत होत्या, ते सांगते. गावाच्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, आपल्या घरात दोन वायरी येतात. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून परत जाते. पण डीपीपाशी हीच न्यूट्रल जमिनीत पुरलेली असते. म्हणजे विजेला परतायला दोन रस्ते आहेत, एक वायरीचा आणि दुसरा मातीचा. आपण शेणाने सारवलेल्या ओलसर जमिनीवर अनवाणी उभे राहून फेजला चिकटलेल्या पत्र्याला हात लावला, की दुसऱ्या रस्त्याचा पहिला तुकडा आपण होतो.

आता आकडे. कोरड्या त्वचेचा रोध बराच असतो, पण ओल्या हातापायांनी शरीराचा रोध १,००० ओहमच्या आसपास धरायला हरकत नाही. २३० व्होल्ट भागिले १,००० म्हणजे ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या कळतात. १० च्या पुढेमागे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. 'करंटने ओढून घेतलं' असं आपण म्हणतो ते हेच. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेले तर हृदयाचा ठोका विस्कटून माणूस दगावू शकतो. १०० वॅटचा जुना बल्ब साधारण ४३५ मिलिअँपिअर घेतो. म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी प्रवाहात माणूस जातो.

मग फ्यूज काय करत असतो? काहीच नाही. ५ अँपिअरचा फ्यूज ५,००० मिलिअँपिअर मुकाट सोसतो. फ्यूज काय किंवा आजची एमसीबी काय, वायर तापून आग लागू नये म्हणून असते. तिला माणूस दिसत नाही. हे एक वाक्य मला वर्गात कधी सुचलं नाही, याची आता खंत वाटते.

आमच्या फ्रीजमध्ये कुठेतरी फेज पत्र्याला किंचित चाटत होती. पाट म्हणजे सुकं लाकूड, त्यामुळे मातीचा रस्ता तुटायचा. सासूबाईंचं निरीक्षण अचूक होतं. पण पाट पावसाळ्यात दमट होतो, आणि पाटावर उभं राहून दुसरा हात ओल्या भिंतीला लागला तर पाटाचा उपयोग शून्य.

अर्थिंगचं काम एवढंच. पत्र्यापासून जमिनीत जाणारा, माणसापेक्षा कितीतरी सोपा रस्ता आधीच बांधून ठेवायचा. संगणकाच्या लोखंडी डब्याला हात लावल्यावर बारीक चिमटे बसतात, त्यांचंही कारण बहुतेक वेळा हेच असतं. त्याच्या आतल्या फिल्टरमधून थोडी वीज मुद्दामच अर्थकडे सोडलेली असते आणि अर्थ नसेल तर डबा अधांतरी, जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो.

ज्याच्या त्याच्याकडे उपाय

काम काढल्याची बातमी वाडीत पसरली आणि सल्ले यायला लागले.

एक शेजारी म्हणाले, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाका, पाच मिनिटांचं काम. हा उपाय फार ठिकाणी केलेला सापडतो, आणि तो सगळ्यात घातक. न्यूट्रलची वायर कुठे सैल झाली, फ्यूजवर तुटली किंवा खांबावर फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, की फ्रीजच्या अख्ख्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. तेही फ्रीजमध्ये काही बिघाड नसताना. नसलेल्या अर्थिंगपेक्षा हे वाईट.

दुसऱ्यांनी सुचवलं, नळाला बांधा. पूर्वी लोखंडी पाइप दूरपर्यंत जमिनीतून जात, तेव्हा कदाचित भागून जायचं. आज मध्येच कुठेतरी प्लॅस्टिकचा तुकडा असतोच, आमच्याकडे तर टाकीपासून खाली सगळा काळा पाइप. मग ती वायर जमिनीत जात नाही, फक्त न्हाणीतल्या तोटीपर्यंत जाते. फ्रीजमधला बिघाड आंघोळ करणाऱ्याच्या हातात पोचवायची ही सोय.

तिसरा सल्ला खिडकीच्या गजाचा. त्यावर वायरमनने फक्त माझ्याकडे बघितलं.

जांभ्यातला खड्डा

अर्थिंग कसं करावं हे सांगणारं भारतीय मानक आहे, आयएस ३०४३. त्यातला घरांसाठी रुळलेला प्रकार म्हणजे पाइपचा. साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जस्त चढवलेला लोखंडी पाइप, भिंतीपासून निदान दीड मीटर दूर, उभा पुरायचा. भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर. वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकणाचा छोटा चौकोनी हौद. कागदावर सोपं. पण मानकं लिहिणाऱ्यांनी आमचा जांभा खणलेला नसतो.

पाइप तोच असला तरी माती बदलली की निकाल बदलतो. सोलापूरकडच्या ओल धरणाऱ्या काळ्या मातीत असा एक पाइप पाच-सात ओहमपर्यंत सहज उतरू शकतो. कोरड्या जांभ्यात, कातळात त्याच पाइपचा रोध काही शे ओहमवर जातो. वीज मातीतल्या ओलीतून आणि त्या ओलीत विरघळलेल्या क्षारांतून वाहते, दगडातून नव्हे. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण जांभ्याच्या पोटात पाणी ठरत नाही. मेपर्यंत तो हाडासारखा कोरडा होतो.

पहिला खड्डा घरापुढे, तुळशीच्या पलीकडे घेतला. तीन फुटांवर पहारीचा आवाज बदलला. चौथ्या फुटाला गडी पहार टेकून उभा राहिला. कातळ लागला तर पाइप तिरका घालायला मानक परवानगी देतं, पण तिरका घालायलाही आधी आत शिरावा लागतो. तेव्हा आमचे हे म्हणाले, "अळवात बघा."

मोरीचं पाणी आमच्याकडे परसात सोडलेलं. तिथे अळू आणि दोन केळी. जुन्या बांधकामाच्या वेळी खणून काढलेली माती तिथेच पसरलेली, त्यामुळे खोली चांगली, आणि भांडी घासल्याचं पाणी बारा महिने मुरणारं. विजेच्या दृष्टीने आख्ख्या आवारातली सगळ्यात श्रीमंत जागा ती निघाली. पाइप तिथे पूर्ण अडीच मीटर उभा गेला. मीठ घालायचं की नाही यावर थोडी चर्चा झाली. मीठ रोध झटकन कमी करतं, पण लोखंडही खातं आणि पावसाबरोबर वाहून जातं. म्हणून वायरमनने बेंटोनाइटची पूड भरली. ही एक प्रकारची चिकणमाती. पाणी पिऊन फुगते आणि ते धरून ठेवते. पाइपपासून घरापर्यंत आठ नंबरची जीआय तार आणली, ती मेन बोर्डातल्या अर्थच्या पट्टीला जोडली आणि तिथून हिरव्या वायरी प्रत्येक प्लगपर्यंत. दिव्याच्या बोर्डावरच्या छोट्या प्लगना दीड स्क्वेअर मिलिमीटरची वायर. फ्रीज, गीझर, पंपाला चारची. जुन्या लाकडी पट्टीत तिसरी वायर मावत नव्हती, शिवाय आतलं रबर हात लावला की तडकत होतं. म्हणून स्वयंपाकघर आणि न्हाणीचं वायरिंग पूर्ण नवं केलं.

मग मोजणी. तालुक्याच्या ठेकेदाराकडून अर्थ टेस्टर आणला. त्याला इथे सगळे 'मेगर'च म्हणतात. आपला पाइप एका टोकाला, आणि ठरावीक अंतरावर जमिनीत ठोकलेल्या दोन सळ्या. दिवस मे महिन्याच्या मध्यातला. काटा थांबला ३८ ओहमवर.

माझा चेहरा पडला. मला वाटलं होतं पाच येईल. वायरमन मात्र खूश होता. "काकी, जांभ्यात ह्या खूप झाला."

रात्री पेन्सिल घेऊन बसले. समजा उद्या फ्रीजमध्ये फेज पूर्णपणे पत्र्याला चिकटली. रस्त्यात आमचे ३८ ओहम आणि डीपीकडचे, धरू या, ५. एकूण ४३. २३० भागिले ४३ म्हणजे साधारण ५.३ अँपिअर. फ्रीजची एमसीबी १६ अँपिअरची. ती दिवसभर पडणार नाही. आणि तेवढा वेळ पत्र्यावर किती व्होल्ट राहतील? ५.३ गुणिले ३८. दोनशेच्या वर!

मी दोनदा करून बघितलं. मानकाप्रमाणे खड्डा, नवी हिरवी वायर, तिसरं भोक जोडलेलं, एवढं सगळं करून फ्रीजपुढे पाट पुन्हा मांडायची वेळ.

राखणदार

दुसऱ्या दिवशी गणिताचा कागद वायरमनसमोर धरला. त्याने तो नीट वाचला आणि पिशवीतून एक खोकं काढलं. "म्हणान तर ह्या हाडलंय."

खोक्यात आरसीसीबी होती. बोलताना अजून पुष्कळ जण हिला जुन्या नावाने ईएलसीबी म्हणतात. तिची कल्पना एखाद्या चोख दुकानदारासारखी आहे. फेजमधून जितकी वीज घरात गेली तितकीच न्यूट्रलमधून परत आली पाहिजे. हिशेबात फरक पडला, म्हणजे काही वीज भलत्या रस्त्याने जमिनीत गेली. हा फरक ३० मिलिअँपिअरला पोचण्याच्या आत ती खटका पाडते, आणि मोठा बिघाड असेल तर सेकंदाच्या काही शतांश भागात. १६ अँपिअरची वाट बघत बसत नाही.

आता आमचे ३८ ओहम घ्या. ३० मिलिअँपिअर गुणिले ३८ म्हणजे १.१४ व्होल्ट. पत्र्यावर याहून जास्त व्होल्टेज टिकूच शकत नाही, त्याआधी वीज बंद. खड्डा शंभर ओहमचा असता तरी आकडा ३ व्होल्टच आला असता. जांभ्यावर, मुरमावर, कातळावर घर असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. आपल्याकडे चांगला खड्डाही एकटा पुरत नाही.

उलट प्रश्न वायरमनलाच विचारला, मग खड्डा कशाला खणला? नुसती आरसीसीबी बसवून चालणार नाही का? एकदम काहीच नसण्यापेक्षा ती केव्हाही बरी. पण अर्थिंग नसेल तर पत्र्यावर आलेल्या विजेला जायला रस्ता नसतो, हिशेबात फरक पडत नाही आणि आरसीसीबी गप्प राहते. फरक पडतो तो कुणीतरी हात लावल्यावर, त्याच्या अंगातून. म्हणजे झटका आधी, सुटका मागून. अर्थिंग असेल तर बिघाड झाला त्या क्षणी, घरात कुणी नसतानाही वीज जाते. कोकणात गावाच्या वेशीवर राखणदार असतो. आमच्या बोर्डातल्या राखणदाराला वेस आखून देण्याचं काम अळवातला पाइप करतो.

राखणदाराने पहिल्याच दिवशी काम दाखवलं. चढवली की पडते, चढवली की पडते. वायरमन एकेक फांदी सोडवत गेला आणि शेवटी गोठ्यात पोचला. गोठ्यातला बल्ब कायम मिणमिणता. आम्हाला वाटे बल्बच हलका. त्याला घरातून फक्त फेजची वायर गेली होती. वायर वाचवायला कुणीतरी कधीकाळी दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंटीला बांधलं होतं. तो बल्ब इतकी वर्षं मातीच्या रस्त्याने पेटत होता. खुंटीभोवतीच्या जमिनीत त्यामुळे थोडं व्होल्टेज पसरलेलं असे, आणि गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून माणसाला न कळणारा करंटही त्यांना लागतो. आमची गाय त्या कोपऱ्यात बसत नसे. आम्ही तिला हट्टी म्हणायचो.

गोठ्याला न्यूट्रल दिली. आरसीसीबी टिकली. फ्रीज लावला, पुन्हा पडली. फ्रीज ओढून मागे बघितलं, तर कॉम्प्रेसरपाशी उंदराने कुरतडलेली वायर पत्र्याला टेकलेली. वीतभर वायर बदलली. "राखणदारान दोन चोर पकडल्यान," वायरमन म्हणाला. इतकी वर्षं आम्ही वीतभर वायरीसाठी पाटावर चढत होतो.

तुमच्या घरी बघायचं ते

हे काम स्वतः करायचं नाही. लायसन्स असलेला वायरमन बोलवायचा, पण त्याला काय विचारायचं ते आपल्याला माहीत हवं.

पहिलं, प्रत्येक तीन भोकांच्या प्लगमागे हिरवी वायर आहे का, आणि ती कुठे जाते. वायर दिसली म्हणून समाधान मानू नका; ती बोर्डापर्यंत आणि बोर्डातून जमिनीपर्यंत पोचलेली दाखवायला सांगा. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही साधारण तितकंच आणि न्यूट्रल-अर्थ अगदी थोडे व्होल्ट असं यायला हवं. फेज-अर्थचा आकडा भलताच आला तर तिसरं भोक पोकळ समजा. आकडे बरोबर आले तरी त्यावरून अर्थिंगचा दर्जा कळत नाही. मल्टिमीटर फार थोडा प्रवाह घेतो, त्याला वाईट रस्ताही चांगलाच वाटतो. फेज आणि अर्थमध्ये बल्ब पेटवून दाखवतात, त्याचंही तेच. आमच्या गोठ्यातल्या खुंटीवरही बल्ब पेटत होताच. खरा आकडा अर्थ टेस्टरच देतो.

दुसरं, आरसीसीबी आहे का, आणि तिच्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलंय का. काही घरांत १०० किंवा ३०० ची बसवलेली आढळते. ती आगीपासून संरक्षणासाठी; माणसासाठी ३० चीच हवी. तिच्यावर 'टी' अक्षराचं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला तर यंत्र जिवंत आहे. पण हे बटण फक्त यंत्राची परीक्षा घेतं, खड्ड्याची नाही. आणि एक मर्यादा लक्षात असू द्या. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली तर हिशेब बरोबर जुळतो आणि राखणदारालाही काही कळत नाही.

तिसरं, टू पिनच्या वस्तू. मोबाइलच्या चार्जरवर चौकोनात चौकोन असं चिन्ह दिसेल. त्याचा अर्थ त्या वस्तूला दुहेरी आवरण आहे, तिला अर्थची गरज नाही. हे चिन्ह नसलेली, धातूच्या अंगाची वस्तू टू पिनवर चालत असेल तर ती थांबवा. गीझर आणि पाण्यात बुडवायचा रॉड, हे आधी तपासा.

चाळीत, जुन्या वाड्यात किंवा सोसायटीत राहणाऱ्यांना स्वतःचा खड्डा खणता येत नाही. त्यांनी इमारतीचा खड्डा कुठे आहे हे विचारावं. पुष्कळदा तो फरशीखाली गाडला गेलेला असतो आणि त्याला वर्षानुवर्षं पाणी मिळालेलं नसतं. ते काम एकट्याचं नाही, पण त्यासाठी सभेत उठून बोलणं एकट्याला जमतं.

शेवटची सूचना शिक्षिकेची समजा. आमचं अर्थिंग त्या मे महिन्यात ३८ ओहम होतं, त्याच वर्षी जुलैत १४ आलं. पावसात सगळीच अर्थिंग पास होतात. परीक्षा घ्यायची तर मे महिन्यात घ्या, आणि वायरमनने सांगितलेला आकडा तारखेसह बोर्डाच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. आमच्या झाकणावर आता चार मे महिन्यांचे आकडे आहेत. यंदाचा ४१ आहे. थोडा वाढलाय, म्हणून मोरीच्या पाण्याखेरीज आठवड्याला दोन कळश्या पाणी त्या हौदात ओतते.